बंदरावर न आलेली आई

परवा ट्राममधून उतरले तर इथे जर्मनीत, येनाच्या बाजारचौकात श्पार्गेलचा पहिला ठेला लागला होता. पांढरे, अंगठ्याएवढे जाड, वीतभर लांब असे हे कोंब. इथल्या लोकांना त्यांचं भारी कौतुक. एप्रिलच्या मध्याला येतात, जून संपता संपता जातात, आणि मधले दोन महिने लोक लिफ्टमध्ये, दवाखान्यात, ट्रामच्या थांब्यावर एकमेकांना विचारत राहतात, यंदा खाल्लं का म्हणून. मीही अर्धा किलो घेतले. घरी येऊन सोलायला बसले आणि सोलणं हातात तसंच राहिलं. तीन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहून गेली तो मोसम आठवत बसले. त्या दिवसांत आमच्या दोघींत नेमकं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आठवतं तसं सांगून पाहते.

मी तेव्हा इथल्या विद्यापीठात पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते. विषय होता कॅरिबियन बेटांवरच्या कादंबऱ्यांमधल्या आया आणि मुली. इंग्रज गेले, झेंडे बदलले, तरी तिथल्या आया आपल्या मुलींना मडमेच्या मापाचंच चालणं, बसणं, बोलणं का शिकवत राहिल्या. आणि त्या मुली मोठ्या होऊन, बेट सोडून, थंड देशांत जाऊन त्याबद्दल काय लिहीत राहिल्या, असा साधारण मामला. इथले भारतीय बहुतेक भिंगांच्या आणि लेझरच्या कामातले. त्यांना विषय सांगितला की ते विचारायचे, "पण तू तर सांगलीकडची ना? मग ही बेटं कुठून आली मध्येच?" मला तेव्हा याचं उत्तर सोपं वाटायचं. ती माझीच गोष्ट आहे, असं मी सांगायचे.

आई पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टायपिस्ट होती. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच एवढ्या लांब येत होती. तिच्या व्हिसासाठी मी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन हमीपत्र भरून दिलं. त्यात भेटीचं कारण लिहायची एक ओळ होती. मी 'कौटुंबिक' असं लिहिलं, पण मनातलं कारण वेगळं होतं. मी तेहतीस वर्षांची होते, आणि न्युरेम्बर्गला आपल्याकडचाच एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्याच्या आईचा फोन आला होता, एवढं ती जानेवारीत सहज बोलून गेली होती. ती लग्नाचं बोलायलाच येते आहे याबद्दल मला शंका नव्हती. मी उत्तरं तयार ठेवली होती, अगदी मुद्देसूद.

ती आली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. न्युरेम्बर्गचं नाव नाही. सकाळी साडीवर स्वेटर आणि पायांत बूट घालून ती झाल नदीच्या काठानं चालून यायची आणि मला काय काय पाहिलं ते सांगायची. इथली कुत्री भुंकत नाहीत. इथल्या म्हाताऱ्या एकट्याच बाकावर बसून आइस्क्रीम खातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. हे दुसरं तिनं तीनदा सांगितलं. त्यात तिला आवडल्यासारखं काही होतं की वाईट वाटल्यासारखं, ते मला कळलं नाही.

श्पार्गेल आम्ही दोघी मिळून सोलायचो. जमिनीवर मातीचे उंचवटे करून हे कोंब आत झाकून ठेवतात, ऊन लागलं की हिरवे पडतात, असं मी तिला सांगितलं.

"म्हणजे उन्हात जाऊ दिलं नाही म्हणून गोरे," आई म्हणाली. "आणि मग भाव जास्त."

शेवग्याच्या शेंगांसारखी तिनं त्यांची आमटी केली. फार बरी झाली असं नाही, पण दोघींनी संपवली.

असं सोलता सोलताच ती एकदा म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकांत असतं तरी काय? एक सांग की."

मी तिला एक कादंबरी सांगितली. एका छोट्या बेटावर एक आई हॉटेलच्या चादरी धुऊन इस्त्री करते. मुलीच्या शाळेच्या गणवेशाला इतकी खळ घालते की कॉलर मानेला टोचते. दुपारी समुद्रावर जाऊ देत नाही, काळी पडेल म्हणून. घरची बोली बोललेली तिला चालत नाही, शाळेतलं इंग्रजीच बोलायचं. मुलगी अठराव्या वर्षी बोटीनं निघून जाते, आणि निघायच्या दिवशी आई बंदरावर येत नाही. उरलेली सगळी कादंबरी त्या न येण्याबद्दल आहे. आईनं आपल्यावर कधी प्रेम केलं का, हे ती मुलगी शेवटपर्यंत विचारत राहते. मी स्वतः त्या न येण्यावर चाळीस पानं लिहिली होती.

आईनं हातातला कोंब पुरा सोलला, बाजूला ठेवला, आणि म्हणाली, "बोट आली म्हणजे हॉटेलात माणसं आली असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे चादरी. बोटीच्या दिवशी तिला सुट्टी कोण देईल?"

मी पुस्तक काढून पाहिलं. बोट पंधरवड्यातून एकदा येते असं तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं होतं. हॉटेल बोटीच्या दिवशी भरतं असंही एका वाक्यात होतं. मी ते पुस्तक सात वेळा वाचलं होतं, आणि त्याच्यावर लिहिलेलं बाकीच्यांचंही. हे कुणीच म्हटलेलं नव्हतं.

"पण मुलीला हे माहीत नव्हतं का?" मी विचारलं, खरं तर स्वतःलाच.

"माहीत असेल. माहीत असून राग येतोच की." मग म्हणाली, "हे सगळं पोरींनीच लिहिलंय का गं? आयांनी लिहिलेलं एकही नाही?"

"फार थोडं."

"बरोबर. त्या लिहायला बसल्या असत्या तर इस्त्री कुणी केली असती?"

मी हसले. तीही हसली. पुढे दोन-तीन आठवडे असेच गेले. मी रोज एक गोष्ट सांगायची आणि ती रोज त्यात आईची बाजू घ्यायची. कधी चुकीची, कधी इतकी अचूक की मला जेवणावरून उठून टिपून ठेवावं लागे. माझ्या टिपणवहीत शिरणं तिला आवडतंय असं मला वाटत होतं. जर्मनमध्ये पीएचडीच्या गाइड बाईंना डॉक्टरमुटर म्हणतात, म्हणजे डॉक्टरकीची आई, हे ऐकून ती म्हणाली, "मग इथे तुला एक आई आहेच. काय सांगते ती?"

"जास्त लिही म्हणते."

"मी कमी बोल म्हणायचे," आई म्हणाली, आणि दहाही बोटांनी हवेत टाइप केल्यासारखं केलं.

जूनच्या सुरुवातीला विभागात माझं इंग्रजीतून व्याख्यान होतं. पंधरा-वीस माणसं, दुपारची वेळ, खिडक्या उघड्या. आई मागच्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी सुरुवात नेहमीसारखीच केली. इतकी नेहमीची की आई समोर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेतही तीच सुरुवात होती. मी तेरा वर्षांची. आमच्या गावचा पोहण्याचा तलाव. मी पाण्यातून वर येते, सिमेंटच्या पायरीवर आई उभी आहे. ती माझ्या खांद्यांभोवती टॉवेल घट्ट आवळते आणि म्हणते, आता पुरे, मोठी झालीस. त्यानंतर मी पाण्यात गेले नाही. धाकटा भाऊ जात राहिला. त्या बेटांवरच्या मुली मला अनोळखी वाटल्या नाहीत त्या यामुळे, असं म्हणून मी पुढे कादंबऱ्यांकडे वळायचे. लोकांनी माना हलवल्या. हे वाक्य नेहमी चालायचं.

व्याख्यान संपल्यावर गाइड बाई आईकडे गेल्या, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि इंग्रजीत म्हणाल्या की तुम्हाला लेकीचा किती अभिमान वाटत असेल. आईही इंग्रजीतच म्हणाली, हो, तिचं बोलणं फार स्पष्ट आहे, मला सगळं समजलं.

तीस वर्षं तिनं इंग्रजी पत्रं टाइप केली होती. तिला समजणार नाही असं मी कधी ठरवलं होतं कोण जाणे.

घरी आम्ही नदीकाठानं चालत आलो. पुलापाशी ती म्हणाली, "पोहायचं तसं नव्हतं."

"कसं होतं मग?"

"तूच सोडलंस. मला नाही जायचं म्हणालीस. मी दोनदा विचारलं. कारण सांगेनास, म्हणून मी सोडून दिलं."

"आई, टॉवेल मला स्पष्ट आठवतोय. निळा होता."

"टॉवेल निळाच होता," ती म्हणाली, आणि पूल ओलांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आई फिरायला गेल्यावर मी पुण्याला निखिलला, माझ्या भावाला, फोन केला. त्याला वाटलं आईला काही झालं. मी तलावाबद्दल विचारलं तेव्हा तो आधी गोंधळला.

"ताई, त्या वर्षी तलाव बंद होता ना. पाणी नव्हतं. मी कुठे गेलो? मी नदीत शिकलो, पोरांबरोबर."

"नदीत? आणि मी?"

"तुला नदीत कोण पाठवणार होतं?" तो हसला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मग म्हणाला, "हे एकदम आज का?"

मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसून राहिले. आईनं मला काढलं असेल, तर माझी प्रस्तावना खरी. मीच सोडलं असेल, तर ज्या वाक्यावर मी पाच वर्षं उभी होते ते मीच रचलेलं. आणि तलावच बंद असेल, तर कुणी कुणाला काही म्हटलेलंच नाही. पण भावासाठी नदी होती आणि माझ्यासाठी नव्हती, हे उरतंच, आणि ते सांगायला टॉवेलाची गरज नाही. मग टॉवेल आवळताना कानाशी आलेला तो आवाज कुणाचा? शेजारच्या काकूंचा, शाळेतल्या बाईंचा? की पुढे वाचलेल्या एखाद्या कादंबरीतल्या आईचा, जो मी मराठी करून माझ्या आईच्या तोंडी घातला?

संध्याकाळी मी आईला तलाव बंद असण्याबद्दल विचारलं. "त्या वर्षी पाणी नव्हतं हे खरं आहे," ती म्हणाली. "टंचाईची पत्रं मीच टाइप केली होती. पण ते तुझ्या सोडण्याच्या आधी की नंतर, ते नाही सांगता येणार."

यानंतर ती बदलली. रागावली असती तर मला कळलं असतं. तिचा राग मला पाठ आहे. ती नम्र झाली. हे भांडं इथे ठेवू का, असं विचारायला लागली. मी उशिरा उठले तर काही नाही, मी ओल्या केसांनी बाहेर पडले तर काही नाही. रोजची गोष्ट मी सांगायचे तेव्हा ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान आहे." आयांची बाजू घेणं बंद. माझी टिपणवही कोरी राहायला लागली, आणि लाज वाटते सांगायला, पण आधी मला त्याचंच वाईट वाटलं.

मी लहानपणी 'पानी' म्हटलं की ती मला थांबवायची. "पानी नव्हे, पाणी." तिची आई, माझी आजी, पानीच म्हणायची. घरची बोली तोडणाऱ्या बेटावरच्या आयांवर लिहिताना मी हे उदाहरणही घेतलं होतं. त्या जूनमध्ये मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं, "आई, जरा पानी दे." तिनं पेला भरून दिला. काही बोलली नाही. मी तो पेला घेऊन उभी राहिले आणि मला कळेना की मला हवंय तरी काय. तिनं मला सुधारू नये म्हणून मी इतक्या लांब आले होते. आता ती सुधारत नव्हती, तर मला परक्याच्या घरी असल्यासारखं वाटत होतं.

एके दिवशी विद्यापीठातून आले तर टेबलावर प्रबंधाची छापील प्रत होती त्याच जागी, पण नीट चळत लावलेली. मी चाळून पाहिली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिनं बारीक पेन्सिलीनं टायपिंगच्या चुका काढल्या होत्या. एक स्वल्पविराम, एक दोनदा पडलेला शब्द. तलावाच्या पानावर दोन खुणा होत्या. एका ठिकाणी एक अक्षर सुटलं होतं, दुसऱ्या ठिकाणी जागा जास्त पडली होती. मजकुराला तिनं हात लावला नव्हता. समासात काही लिहिलंय का म्हणून मी ते पान खिडकीशी धरून पाहिलं. नव्हतं.

परतीला चार दिवस राहिले तेव्हा माझा धीर सुटला. आम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतो. मी म्हटलं, "तू न्युरेम्बर्गचं काही बोलली नाहीस."

"कोण न्युरेम्बर्ग?"

"आई."

तिनं हातातली ओढणी दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली. "बोलणार होते," ती म्हणाली. "आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोलणार होते. मग तू ती पुस्तकं सांगायला लागलीस, मजा येत होती, म्हटलं थोडं थांबू. मग ते तुझं भाषण झालं."

"मग?"

"मग काय. मी बोलले तर तू लिहून काढशील."

ती चिडून म्हणाली नाही. ऊन आहे, छत्री घे, अशा आवाजात म्हणाली. नाही लिहिणार, असं म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर ती म्हणत असतानाच ते वाक्य माझ्या डोक्यात लिहून झालं होतं.

ओढणी बाजूला ठेवून ती पुढे म्हणाली, "आणि मी म्हणालेही असेन बाई, पुरे म्हणून. दिवसाकाठी तुम्हा दोघांना किती काय काय म्हणायचे मी. जेवा म्हणायचे, झोपा म्हणायचे. त्यातलं तुला हेच का राहिलं, ते मला कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. अजून कळलेलं नाही.

फ्रँकफर्टला तिला सोडायला गेले. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेशी तिनं माझा गाल कुरवाळला, गेली, आणि वळून पाहिलं नाही. ती वळली नाही याचा अर्थ मी गाडीत येईपर्यंत लावत होते. मग लक्षात आलं की तिच्या एका हातात पासपोर्ट होता, दुसऱ्यात पर्स, आणि मागे माणसं ढकलत होती.

तलावाचा परिच्छेद मी काढला नाही. त्याच्याखाली एक ओळ घातली, की माझ्या आईला ही गोष्ट अशी आठवत नाही. बंदर आणि चादरींचं तिचं म्हणणं प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात घातलं, तिच्या नावासकट. गाइड बाईंना चादरी फार आवडल्या. त्या ओळीवर मात्र त्यांनी बोट ठेवलं. आल्झो, म्हणजे हे बघ, म्हणाल्या, एक तर आठवण ठेव, नाही तर ही शंका. दोन्ही ठेवलीस तर वाचणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं, माझा तोच प्रश्न आहे. त्यांना तो विनोद वाटला. मी दोन्ही ठेवलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं त्याबद्दलच विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. पदवी मिळाली, पण त्या उत्तराचे शेरे फार बरे नव्हते.

आता मी इथेच शिकवते. दर वर्षी एखादी तरी मुलगी तास संपल्यावर येते आणि विचारते, निबंधात माझ्या आईबद्दल लिहिलं तर चालेल का? मी चालेल म्हणते. मग ती दारापर्यंत गेली की मला तिला परत बोलवावंसं वाटतं, आणि बोलावून काय सांगायचं ते सुचत नाही, म्हणून नुसती बघत राहते.

आईचा फोन रविवारी सकाळी असतो, तिची दुपार. तीन वर्षांत आम्ही हवापाणी, निखिलचा मुलगा, तिचे गुडघे, माझे तास यांवर बोलत आलो आहोत. गेल्या रविवारी मी एकदम म्हणाले, "आई, मी लग्न केलं नाही. करेन असं वाटत नाही. परतही येईन असं दिसत नाही. तुला याचं खरंखुरं काय वाटतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करून आली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे लिहिणार आहेस का?"

"नाही."

"विचारलंस ते लिही हवं तर. मी सांगेन ते नको."

"बरं."

"मग सांगते," आई म्हणाली.

पाऊण तास ती बोलत होती. मध्ये एकदा माझं मराठी चुकलं तर तिनं ते सुधारलं, आणि पुढे गेली. शब्द दिलाय म्हणून बाकी काही इथे नाही. एवढंच सांगते, की फोन ठेवला तेव्हा तिचं निम्मं म्हणणं मला मुळीच पटलेलं नव्हतं, आणि निम्मं नको इतकं पटलं होतं. फक्त कुठलं निम्मं कुठलं, हे आज आठवडा होत आला तरी माझं ठरत नाहीये.